नकाशा कोणाच्या अंगणात काढायचा? पाणी-स्वच्छतेचे सहभागी प्रशिक्षण आणि आपली वस्ती

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाणी समितीचे प्रशिक्षण आहे, असा निरोप येतो. वेळ अकराची, सुरुवात साडेबाराला. भिंतीवर पडदा आणि पडद्यावर आकडे. पुढच्या खुर्च्यांवर सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि कामाचा ठेकेदार, तर मागे सतरंजीवर समितीतल्या बाया. साहेब दोन तास बोलतात आणि बाया ऐकतात. मग हजेरीपटावर सह्या, अंगठे, एक फोटो, चहा-बिस्किट. प्रशिक्षण संपन्न.

समाजकार्यात आल्यापासून अशी अनेक प्रशिक्षणे मी पाहिली. खरे सांगायचे तर सुरुवातीला एक-दोन घेतलीही. त्यातल्या एका प्रशिक्षणात शेवटी 'काही प्रश्न?' असे विचारल्यावर बौद्धवाडीतल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ते पाइप आमच्याकडं कधी येणार?" उत्तर मिळाले, "ते अंदाजपत्रकात बघावं लागेल." नंतर कळले की मावशी दोन वर्षांपासून समितीच्या सदस्य होत्या. त्यांना ते त्याच दिवशी समजले.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच मावशींबरोबर बुद्धविहाराच्या अंगणात बसलो. पडदा नाही, खुर्च्या नाहीत. रांगोळी, विटांचे तुकडे, चिंचोके आणि दोरी एवढेच सामान. "गावाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते काढून दाखवा," एवढेच सांगितले. पाऊण तासात जमिनीवर गाव उभे राहिले. उंचावर टाकी, तिथून निघालेली दोरीची पाइपलाइन, वाटेवरचे व्हॉल्व्ह, कोणकोणत्या घरी मोटारी लावून पाणी ओढतात त्यांच्या खुणा. दोरी मारुतीच्या पारापाशी संपली. त्याच्या खाली वस्तीची घरे. मावशींनी नकाशाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पाणी उताराला वाहतं म्हणत्यात. सगळ्यात खाली तर आम्हीच हाय. मग आमच्यापर्यंत का येत नाही?"

दोन तासांच्या भाषणाने जे झाले नव्हते ते या एका प्रश्नाने झाले. या पद्धतीला सहभागी प्रशिक्षण म्हणतात. ती काय आहे, कशी वापरायची आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती वापरताना कुठे सावध राहायचे, हे सांगण्यासाठी हा लेख.

ठराव असतो, पाणी नसते

पाण्याच्या प्रश्नाचा धडा आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात तिथे ओंजळ बुडवायला १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद भरवावी लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्यानंतरही तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावे पडले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले.

ठराव आणि पाणी यांच्यामध्ये माणसांना स्वतः चालून जावे लागते. महाडच्या परिषदेत लोकांनी आधी एकत्र बसून आपली स्थिती समजून घेतली, चर्चा केली, निर्णय घेतला आणि मग ते चालले. लोकसहभाग हा शब्द योजनांच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी आपल्या चळवळीने तो करून दाखवला आहे.

आज ठरावांची कमतरता नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने विहिरी, तळी, घाट यांच्या वापरातला भेदभाव मोडला, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे वचन आहे की ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. त्याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावाच्या पाणी समितीत १० ते १५ सदस्य असावेत, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य २५ टक्क्यांपर्यंत असावेत आणि उरलेल्या २५ टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातींसारख्या दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असावी. मावशी समितीत आल्या त्या याच नियमाने. पण सदस्य असणे आणि सहभागी असणे यात फार अंतर आहे. ते अंतर कमी करणे हे प्रशिक्षणाचे काम आहे.

ही पद्धत आली कुठून?

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी शेतमजुरांना साक्षर करताना एक गोष्ट मांडली. शिक्षक ज्ञान ओततो आणि विद्यार्थी रिकाम्या भांड्यासारखा ते भरून घेतो, असे शिक्षण शोषितांना शोषितच ठेवते. त्याऐवजी लोकांच्या जगण्यातला प्रश्न चित्राच्या किंवा गोष्टीच्या रूपाने त्यांच्यासमोर ठेवा. ते त्यावर बोलू लागले, कारणे शोधू लागले की अक्षरेही शिकतील आणि परिस्थितीही बदलू लागतील.

हाच विचार पाणी-स्वच्छतेच्या क्षेत्रात 'सारार' या पद्धतीतून आला. लायरा श्रीनिवासन यांनी ती विकसित केली आणि १९९० मध्ये प्रशिक्षकांसाठी त्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. सारारच्या पाच अक्षरांमागे पाच गोष्टी आहेत: आत्मसन्मान, एकजुटीचे बळ, स्वतःजवळची साधने शोधण्याची हुशारी, कृतीचा आराखडा आणि जबाबदारी. यात पहिला क्रमांक आत्मसन्मानाचा आहे, हे लक्षात घ्या. ज्याला आपण काही सांगण्याच्या लायकीचे आहोत असे वाटत नाही, त्याला नळजोडणीची माहिती देऊन उपयोग नाही. बाबासाहेबांनी स्वाभिमानाला चळवळीच्या मुळाशी ठेवले त्यामागचे कारण याहून वेगळे नाही.

१९९३ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी सारारवर आधारित 'फास्ट' ही पद्धत आफ्रिकेतल्या चार देशांत वापरून पाहिली आणि १९९८ मध्ये तिची सात टप्प्यांची मार्गदर्शिका काढली. प्रश्न ओळखणे, त्याची कारणे शोधणे, उपाय ठरवणे, त्यातले परवडणारे निवडणे, कामाची आखणी, देखरेखीची आखणी आणि शेवटी लोकांनीच केलेले मूल्यमापन, असा तो क्रम आहे.

याच काळात भारत आणि केनियात सहभागी ग्रामीण मूल्यांकन, म्हणजे पीआरए, रुजत होते. रॉबर्ट चेंबर्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव. १९८३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या सवयी सांगितल्या होत्या. हे लोक डांबरी रस्ता जिथे संपतो तिथेच थांबतात, पावसाळ्यात फिरकत नाहीत, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशीच बोलतात. आपल्या गावात डांबरी रस्ता कुठे संपतो आणि वस्ती कुठे सुरू होते, ते तुम्हाला माहीत आहेच.

अंगणात मांडायची साधने

या पद्धतींत बरीच साधने आहेत. आपल्या वस्तीत दोन दिवसांत करता येतील अशी सहा खाली देत आहे. यासाठी लॅपटॉप लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही.

१. पाण्याचा नकाशा. जमिनीवरच काढा. कागदावर काढायला लावले की पेन शिकलेल्या पोराच्या हातात जातो आणि बाकीचे गप्प होतात. रांगोळी, खडू, दगड सगळ्यांच्या हातात असतात. पाण्याचे स्रोत, टाकी, लाईन, व्हॉल्व्ह, चालू आणि बंद नळ, गटारे, शौचालये, उकिरडे, सगळे त्यावर येऊ द्या. घरे दाखवताना प्रत्येक घराला एक खडा ठेवा. नळ असलेल्या घराच्या खड्याला एक रंग, नळ असून पाणी न येणाऱ्याला दुसरा आणि नळच नसलेल्याला तिसरा द्या. शेवटी नकाशा जसाच्या तसा मोठ्या कागदावर उतरवून घ्या, तारीख घाला आणि फोटो काढा.

२. शिवारफेरी. नकाशा काढणाऱ्यांनीच तो हातात घेऊन टाकीपासून वस्तीपर्यंत चालत जायचे. गळती कुठे आहे, पाइप गटारातून कुठे जातो, हातपंपाचा ओटा कुठे फुटला आहे, ते पाहायचे. गटारातून जाणारा फुटका पाइप हा साथीचा रस्ता असतो. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी होते आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की भाषण लागत नाही. धम्माला आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. शिवारफेरीत दुसरे काय असते?

३. हंड्यांचा हिशेब. माणशी ५५ लिटर म्हणजे पाच जणांच्या घराला रोज २७५ लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर साधारण अठरा हंडे. आता बायांना विचारा की काल घरात किती हंडे आले, कोणी आणले, किती वेळ गेला. चिंचोके मोजून मांडायला सांगा. मग बारा महिन्यांचे बारा चौकोन आखून उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यात किती, तेही मांडायला सांगा. सरकारी तक्त्यात 'नळजोडणी पूर्ण' असे लिहिलेल्या घरात मे महिन्यात सहाच चिंचोके पडले, तर योजनेचा खरा अहवाल समोर आला.

४. खिशांचा तक्ता. एका जाड कापडाला किंवा पुठ्ठ्याला खिसे शिवायचे. वर ओळीने चित्रे लावायची: विहीर, नळ, हातपंप, टँकर, ओढा. डाव्या बाजूला खाली खाली पिणे, अंघोळ, कपडे, गुरे. तक्ता पाठमोरा ठेवायचा आणि एकेकाने जाऊन आपण खरोखर जे वापरतो त्या खिशात चिठ्ठी टाकायची. स्त्रियांच्या चिठ्ठ्या एका रंगाच्या, पुरुषांच्या दुसऱ्या. गुप्त मतदान असल्याने सून सासूसमोर आणि मजूर मालकासमोर जे बोलत नाही ते इथे टाकून जाते. शौचालय कोण वापरते, कोण वापरत नाही, हेही याच पद्धतीने विचारता येते. चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजा आणि 'असे का?' एवढाच प्रश्न विचारा.

५. घाण ते तोंड. विष्ठेतले जंतू माणसाच्या तोंडात पाच वाटांनी जातात: बोटे, माश्या, माती, पाणी आणि अन्न. उघड्यावरची विष्ठा एका टोकाला, जेवणारे मूल दुसऱ्या टोकाला आणि मधल्या वाटांची चित्रे लोकांच्या हातात द्या. वाट त्यांनी जुळवायची. मग 'ही वाट कुठे आणि कशाने अडवाल?' असे विचारून शौचालय, साबणाने हात धुणे, झाकलेले अन्न, ओगराळ्याने घेतलेले पाणी यांची चित्रे द्या. लोक स्वतः वाट अडवतात तेव्हा ओगराळे का हवे ते पाठ करावे लागत नाही.

६. पाण्याची तपासणी. हे साधन तरुणांनी आवर्जून हाती घ्यावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यात आपल्या वस्तीतली किमान एक तरी असली पाहिजे. एच-टू-एस बाटलीत पाणी भरून ठेवले आणि ते एक-दोन दिवसांत काळे पडले, तर पाणी विष्ठेने दूषित असल्याची शंका घ्यायची. शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीनचा अंश किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा. फ्लोराइड १.५ च्या वर आणि नायट्रेट ४५ च्या वर गेले तर ते पाणी पिण्यायोग्य नाही. नमुना टाकीपाशी घेऊ नका, लाईनच्या शेवटच्या नळाचा घ्या. टाकीत शुद्ध असलेले पाणी वस्तीत पोहोचेपर्यंत शुद्ध राहते का, हा आपला प्रश्न आहे.

सहभागालाही जात असते

इथवर वाचून वाटेल की रांगोळी आणि चिंचोके आणले की काम झाले. तसे नाही. समाजशास्त्र शिकताना 'समुदाय' हा शब्द मी परीक्षेत शेकडो वेळा लिहिला. गावात गेल्यावर कळले की गाव हा एक समुदाय नाही. आळ्या आहेत, वाडे आहेत आणि एक वस्ती आहे. योजनांच्या पुस्तकातला 'गावाचा सहभाग' म्हणजे बहुतेक वेळा पारावर बसणाऱ्यांचा सहभाग असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा की नकाशा कोणाच्या अंगणात काढायचा? तो चावडीसमोर काढला तर आपल्या बाया येत नाहीत. आल्या तरी कडेला उभ्या राहतात. तिथे खडू धरणारा हात ठरलेला असतो आणि त्या नकाशात वस्ती एका वर्तुळात उरकली जाते: 'हे इकडं बौद्धवाडी.' घरे नाहीत, नळ नाहीत, नुसते वर्तुळ. असा नकाशा गावाच्या सहमतीचा कागद म्हणून जोडला जातो आणि पुढे पाच वर्षे तोच दाखवला जातो. सहभागाच्या नावाखाली झालेला अन्याय नुसत्या अन्यायापेक्षा चिवट असतो, कारण त्यावर आपल्याही सह्या असतात.

उपाय असा की आधी वस्तीत बसा. विहारात, समाजमंदिरात, लिंबाखाली, जिथे आपली माणसे मोकळी बोलतात तिथे. त्यातही स्त्रियांचा गट वेगळा, तरुणांचा वेगळा. स्त्रियांची बैठक सकाळी पाण्याच्या वेळेला ठेवू नका. मजुरीहून आल्यावर, चूल पेटायच्या आधीच्या तासात ठेवा. आपल्या वस्तीचा नकाशा पक्का झाल्यावरच गावच्या नकाशासाठी जायचे.

आणि एक आत्मपरीक्षण. वस्तीतही सगळे सारखे नसतात. आपल्यातलाच नोकरदार, आपल्यातलाच माजी सदस्य सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि मातंग घरे, भटक्या-विमुक्तांची पाले, एकटी राहणारी बाई नकाशाबाहेर राहते. चावडीवर आपल्याला जे खटकते ते विहारात आपण दुसऱ्यांशी करत असू, तर चावडीकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

लाज हे आपले हत्यार नव्हे

उघड्यावरची हागणदारी बंद करण्यासाठी कमल कर यांनी १९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशात राजशाही भागातल्या एका गावात नवी पद्धत सुरू केली. अनुदान द्यायचे नाही. लोकांना हागणदारीत चालवायचे, गावात रोज किती विष्ठा पडते याचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यायचा, ती शेवटी आपल्याच ताटात येते हे त्यांना उमगू द्यायचे. त्या किळसेतून आणि लाजेतून गाव पेटून उठते आणि स्वतः शौचालये बांधते. ही पद्धत अनेक देशांत पसरली, महाराष्ट्रातही आली. तिची ताकद नाकारता येत नाही. गावाने स्वतः ठरवलेली गोष्ट टिकते, हे तिने दाखवले.

पण आपल्या समाजात लाज सारखी वाटली जात नाही. ज्याला पिढ्यानपिढ्या 'घाणेरडा' म्हटले गेले त्याला पुन्हा घाणेरडे म्हणून सुधारणा होत नाही, जुनी जखम उघडते. पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी गुड मॉर्निंग पथके आपण पाहिली आहेत. त्यांच्या हाती कोण सापडायचे? ज्यांच्या घराला शौचालयापुरतीही जागा नाही असे भूमिहीन आणि टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या. ज्याचा वाडा मोठा आहे तो कधीच सापडत नाही.

राजगृहात सफाई करणाऱ्या सुनीताची गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. तथागत समोरून येताना पाहून तो संकोचाने भिंतीला चिकटला. तथागतांनी त्याच्या घाणीबद्दल एक शब्द काढला नाही. ते जवळ गेले आणि त्याला संघात घेतले. स्वच्छतेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे लक्षात ठेवावे की किळस घाणीची असावी, माणसाची नाही. कोणाच्या दारासमोर थांबून 'हे बघा' म्हणायचे नाही. वस्तीत शौचालय का नाही, याची कारणे मांडायची: जागा नाही, पाणी नाही, घरजागा नावावर नाही म्हणून अनुदान अडले, खडक लागला, ठेकेदाराने नुसत्या भिंती उभ्या केल्या. कारणे फळ्यावर आली की लाज जिथे पोहोचायला हवी तिथे आपोआप पोहोचते.

खड्डा कोण उपसणार?

स्वच्छतेच्या शिडीवर लोकांकडून चित्रे लावून घेतात. खाली उघड्यावर बसणे, वर साधा खड्डा, मग दोन शोषखड्ड्यांचे शौचालय, सेप्टिक टाकी, भुयारी गटार. बहुतेक लोक टाकीचे चित्र सर्वांत वर ठेवतात, कारण ती मोठी आणि 'पक्की' वाटते. इथे आपण एक प्रश्न विचारायला हवा: टाकी भरल्यावर ती कोण उपसणार?

हा प्रश्न बांधकामाचा तसाच जातीचाही आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणे गुन्हा ठरवला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचे आदेश दिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी टाकीत उतरून गुदमरल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत आणि त्या बातम्यांतली आडनावे कोणत्या वस्तीची असतात ते आपण जाणतो.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात हा प्रश्न बराचसा सुटतो. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो काही वर्षांनी भरला की मधल्या चेंबरमधून प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते घरमालक स्वतः काढू शकतो. त्यासाठी खड्ड्याचा तळ पक्का करायचा नाही, भिंतीत जाळी ठेवायची आणि खड्डा विहीर-हातपंपापासून साधारण दहा मीटर दूर घ्यायचा. ज्या गवंड्याने 'मजबुती'साठी तळ सिमेंटने बंद केला, त्याने नकळत पुढच्या उपशाची सोय केली. म्हणून वस्तीतल्या गवंडीकाम करणाऱ्या पोरांनाही या प्रशिक्षणात बसवा आणि शिडीच्या प्रत्येक पायरीवर लोकांना हा प्रश्न विचारा. जे शौचालय दुसऱ्याला खड्ड्यात उतरवते ते शिडीच्या वरच्या टोकाला कसे असू शकेल?

अंगणातून ग्रामसभेत

नकाशा काढला, हंडे मोजले आणि घरी गेलो, तर तो खेळ झाला. सहभागी प्रशिक्षणाचा शेवट कागदावर आणि इतिवृत्तात व्हायला हवा. त्यासाठी पुढच्या गोष्टी कराव्यात.

गावाचा पाणी आराखडा मागून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गाव कृती आराखडा ग्रामसभेसमोर यावा लागतो. नसेल मिळत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपला नकाशा त्याच्या शेजारी ठेवून लाईन कुठे संपते ते ताडून पाहा.

लोकवर्गणीचा नियम समजून घ्या. गावांतर्गत कामांच्या खर्चात सर्वसाधारण गावांनी १० टक्के आणि डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांनी ५ टक्के वाटा रोख, वस्तू किंवा श्रमाच्या रूपाने द्यायचा आहे. 'वर्गणी भरली नाही म्हणून लाईन नाही' असे कोणी म्हटले, तर श्रमाचा पर्याय नियमातच आहे हे दाखवा.

पैसा कुठे आहे ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. तो कोणत्या आळीत खर्च झाला, याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, जिला गावात अजून 'दलितवस्ती' म्हणतात, तिचा निधी खरोखर वस्तीत उतरला की रस्त्याच्या नावाखाली दुसरीकडे वळला, हेही पाहा.

'हर घर जल'च्या ठरावावर डोळे उघडे ठेवा. गाव शंभर टक्के नळजोडणीचे झाले, असे प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. वस्तीतल्या घरांना पाणी येत नसताना हा ठराव मांडला गेला, तर उभे राहून आपला नकाशा आणि हंड्यांचा तक्ता दाखवा आणि हरकत इतिवृत्तात नोंदवायला लावा. स्त्रियांची वेगळी ग्रामसभा होते, तिथेही हाच कागद गेला पाहिजे. ज्या दिवशी तो ठराव होतो त्या दिवशी सरकारच्या लेखी आपला प्रश्न संपतो.

आणि कोणी पाणवठ्यावर, नळावर, टाकीवर अडवलेच, तर तो सहभागाचा किंवा समजुतीचा विषय उरत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर सामायिक विहीर, तळे, नळ वापरण्यास अडथळा करणे आणि आपल्या वापराचे पाणी घाण करणे हे स्पष्ट गुन्हे आहेत.

पण प्रत्येक तंटा त्या टोकाला जाईलच असे नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेला वाद सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. त्या वादात सिद्धार्थाची सूचना अशी होती की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून निकाल द्यावा. शाक्य संघाने ती मानली नाही. पाण्याच्या पाळीचे, व्हॉल्व्हच्या वेळेचे भांडण मिटवायला मात्र आजही याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. दोन्ही बाजू समान संख्येने बसल्या तरच ती चर्चा असते.

प्रशिक्षण घेणाऱ्याने काय पाळावे

खुर्चीवर बसू नका, लोकांबरोबर जमिनीवर बसा. खडू पहिल्या पाच मिनिटांत लोकांच्या हाती द्या आणि परत घेऊ नका. चुकले तर दुरुस्त करायची घाई करू नका, शेजारची आजी दुरुस्त करते. उत्तर माहीत असले तरी आधी प्रश्न विचारा. जो सर्वांत जास्त बोलतो त्याला मोजणीचे काम द्या आणि जी सर्वांत कमी बोलते तिला पहिला खडा ठेवायला सांगा. आणि जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नका. वस्तीने खूप वचने ऐकली आहेत.

वर्षावासाच्या महिन्यांत विहारात रोज लोक जमतात. त्यातले दोन दिवस यासाठी काढता येतील. पहिल्या दिवशी नकाशा, शिवारफेरी, हंड्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी खिशांचा तक्ता, घाण ते तोंड, पाण्याची तपासणी आणि शेवटी कोण, काय, कधी करणार याचा एक पानी आराखडा. त्यावर जबाबदारी घेणाऱ्यांची नावे असावीत आणि त्यातली निम्मी स्त्रियांची असावीत. तीन महिन्यांनी त्याच अंगणात बसून तोच नकाशा पुन्हा काढायचा. खड्यांचे रंग बदलले का, ते पाहायचे. हेच मूल्यमापन.

सुरुवातीला सांगितलेल्या गावाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मावशींनी तो नकाशा ग्रामसभेत नेला. पहिल्या वेळी कोणी पाहिला नाही. दुसऱ्या वेळी वस्तीतल्या तीसेक बाया बरोबर गेल्या तेव्हा पाहावा लागला. वस्तीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसला, पाण्याची पाळी ठरली आणि मोटारी लावणाऱ्यांना नोटिसा गेल्या. वाढीव लाईनचा प्रस्ताव अजून तालुक्याला पडून आहे. दर महिन्याला मावशी त्याची चौकशी करतात. आता त्यांना कोणी 'अंदाजपत्रकात बघावं लागेल' असे सांगत नाही, कारण अंदाजपत्रकाची प्रत त्यांच्या पिशवीत असते.

दर २० मार्चला आपण महाडला जातो, तळ्याला वंदन करतो, ओंजळभर पाणी पितो. या वर्षी परत आल्यावर आपल्या वस्तीच्या अंगणात एक नकाशा काढा. दोरी कुठे संपते ते पाहा. तिथून पुढे आपल्यालाच चालायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.